न गाळलेला काढा

आम्ही पाणी गाळून पितो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा शिकवलं ते गाळणं बांधायला: दुपदरी, धुतलेलं, एकही भोक नसलेलं. त्याच घरात खोकल्याचा काढा मात्र कुणी गाळून बघितला नाही. फडक्यातून गाळतात हो! मी म्हणते ते पुराव्यातून.

रामनगरात खोकल्याचं कारण शोधत बसावं लागत नाही. सुपा धरणात गावं बुडाली तेव्हा तिथल्या माणसांना इथं आणून वसवलं. बेळगाव-गोवा रस्ता जवळून जातो, अनमोड घाटाकडचे ट्रक उन्हाळ्यात तांबडी धूळ उडवतात, आणि घरात चूल आहेच. यावर उपाय काय सांगतात? "रोज अडुळशाचा काढा घे, फुप्फुसं धुऊन निघतात." फुप्फुस म्हणजे काय पितळेचा तांब्या आहे, चिंच लावून घासायला?

अडुळशाला मी नावं ठेवत नाही. त्यातल्या वासिसिनवरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. पण कफ सुटणं वेगळं आणि धुळीपासून रक्षण होणं वेगळं. शिवाय जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत याच वासिसिनचा अभ्यास झाला, तेव्हा त्याने गर्भाशय आकुंचन पावतं असं दिसलं. ही गोष्ट आपल्याला कोणत्या आजीनं सांगितली?

घरगुती वस्तू तपासता येत नाही, असंही नाही. चीनमधल्या छीतुंग भागात 291 माणसांना बारा आठवडे एक पेय दिलं. काहींच्या पेयात ब्रोकोलीच्या कोंबांचा अर्क होता, काहींच्या नव्हता. मग लघवी तपासली. अर्क घेणाऱ्यांच्या शरीरातून हवेतल्या बेंझीनचे अवशेष 61 टक्के जास्त बाहेर पडत होते. 2014 साली हे छापून आलं. आजार टळले, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण मोजलं तरी!

आणि मोजल्यावर उलटंही निघतं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यातल्या काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, गाजराला रंग देतं ते. (गाजर आपल्याला वर्ज्य, गोळी मात्र बिनदिक्कत घेतो.) फुप्फुसं वाचतील अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला. भल्याभल्या डॉक्टरांचा अंदाज चुकला. आपला कधी चुकतच नाही का?

बायांनो, 'स्यात्' म्हणायला शिकवणारी आपली परंपरा, आणि काढ्याचं नाव निघालं की आपण 'नक्कीच' म्हणतो! पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, हा पुरावा नव्हे. चुलीचा धूरही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. काढ्याच्या भरवशावर चुलीवरचं धुराडं मात्र पुढच्या वर्षावर ढकललं जातं, कारण काढा स्वस्त आणि धुराड्याला गवंडी लागतो. खोकते कोण? चुलीपाशी बसते ती.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गरोदर सुनेसाठी काढ्याचा पेला भरला होता. मी हात धरला. तिच्या सासूबाई भडकल्या, "माझी सहा बाळंतपणं याच काढ्यावर झाली!"

"आणि गेलेली किती, काकू?"

त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "दोन." काढ्यानं गेली असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही, कोण सांगणार? सुनेनं पेला मोरीत ओतला.