नायिकेच्या आजूबाजूच्या बायका

माझी भाची अकरावीत आहे. सुट्टीत आली आणि जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्याकडे विसरून गेली. ‘द हेट यू गिव्ह’. अँजी थॉमस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिकेची ही २०१७ सालची कादंबरी. मुलांसाठीची आहे, म्हणून दुपारी सहज चाळायला घेतली. शब्द अडले, पण पुस्तक खाली ठेववेना.

सोळा वर्षांची स्टार राहते कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत, पण शिकते बहुतेक गोऱ्या मुलांच्या खासगी शाळेत. एका रात्री पोलीस गाडी अडवतो आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या बालमित्राला, निःशस्त्र खलीलला, गोळ्या घालतो. साक्षीदार ती एकटीच. बोलायचं की गप्प बसायचं? या कादंबरीवर २०१८ साली सिनेमाही आला. स्टारच्या धैर्याचं कौतुक सगळेच करतात, करायलाच हवं. माझा जीव मात्र अडकला तिच्या आजूबाजूच्या बायकांत.

स्टारची आई लिसा नर्स आहे. नवऱ्याला दुसऱ्या बाईपासून झालेल्या मुलालाही तिनं आपलं म्हटलंय. मुलांसाठी ही वस्ती सोडू या, असं ती म्हणते. ज्यांच्यात वाढलो त्यांना टाकून कसं जायचं, असं नवरा म्हणतो. दोघांचंही खरं! लिसा शिकत होती तेव्हा छोट्या स्टारला सांभाळलं खलीलच्या आजीनं. एकमेकींची पोरं अशी सांभाळली जातात, तेव्हाच वस्ती टिकते.

आणि खलीलची आई ब्रेंडा? ती व्यसनी. टोळीच्या म्होरक्याकडे तिनं चोरी केली. ते देणं फेडून आईला वाचवायला खलील ड्रग्ज विकत होता. टीव्हीवर मात्र तो नुसता ‘ड्रग्ज विकणारा’. ब्रेंडा मुलासाठी रडते तेव्हा स्टारला रागच येतो. आता कसली रडते, जिवंतपणी कुठं होती? लिसा लेकीला गप्प करते. काही झालं तरी ती त्याची आई आहे.

दुसरी आयेशा. त्याच म्होरक्याच्या घरात राहणारी, तोंडानं फटकळ. शेवटी ती पोरांवर ओरडून त्यांना घराबाहेर हाकलते. नंतर कळतं, ती हाकलत नव्हती. त्याच्या तावडीतून त्यांना पळायला वाट करून देत होती.

हे वाचलं आणि मला आमच्या गल्लीतली एक बाई आठवली. तिचा मुलगा मटक्याच्या नादी लागला, तेव्हा ‘आईचंच लक्ष नाही’ म्हणणाऱ्यांत मीही होते. तिच्या घराची पायरी मात्र एकदाही चढले नव्हते.

मैत्रिणींनो, मुलगा बिघडला की आपण आधी आईला आरोपी करतो. पोलीस, पैसा, नोकरी, गुंड हे सगळे बाजूला राहतात. गंमत म्हणजे हा निवाडा करण्यात आपण बायकाच पुढे असतो!

परवा गेले तिच्याकडे. तिनं चहा टाकला. मुलाचा विषय मी काढला नाही, तिनंच काढला. तासभर बोलत होती.

भाची पुस्तक न्यायला येईल तेव्हा तिला स्टारबद्दल नाही विचारणार. विचारीन, ‘तुला ब्रेंडा कशी वाटली गं?’