कोरफडीचा पिवळा चीक

उन्हाळा लागला की जालन्यात सकाळी फिरून येणाऱ्यांच्या हाती कोरफडीच्या रसाचा पेला दिसू लागतो. मूळची अरबस्तानातली ही वनस्पती मराठवाड्याच्या दुष्काळी मातीत सहज रुजली. दारावर उलटी टांगली तरी महिनोन्‌महिने हिरवी राहते. तिच्या रानटी भाऊबंदांच्या शेकडो जाती आफ्रिकेत आहेत. तिथल्या ‘ॲलो फेरॉक्स’चा चीक आटवून जुलाबाचे औषध होते, आपल्याकडचा काळा बोळ त्याच जातकुळीतला.

गोम इथेच आहे. पानातला पारदर्शक गर वेगळा आणि सालीलगतचा कडू, पिवळा चीक वेगळा. चिकातले अलोइन आतड्याला ढवळून काढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये कोरफडीची रेचके दुकानांतून काढायला लावली. अख्ख्या पानाचा अर्क आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘कर्करोगकारक असू शकेल’ या गटात टाकला. पुरावा मात्र प्रयोगशाळेतल्या उंदरांचा आहे, माणसांतला अपुरा.

कर्करोगापेक्षा नेहमीचा धोका जुलाबांचा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याचे पोटॅशियम आधीच कमी झालेले असू शकते. त्यात ऊन आणि जुलाब, मग हातपाय गळतात, हृदयाचे ठोके बिघडतात. गर्भवतींनी तर हा रस टाळावाच. घरी करायचाच तर कापलेले पान उभे ठेवून चीक निथळू द्यावा, साल काढून गर धुवावा. आणि ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे डॉक्टरांनी विचारले की हा पेलाही सांगावा. तो सहसा कुणी सांगत नाही.