तांबं, पाणी आणि एक मार्क

यंदाचा उन्हाळा ओहायोत पुतण्याकडे गेला. त्याला रायफलच्या नेमबाजीचा नाद. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तो वेचून घरी आणतो आणि नवा प्रायमर, दारू, गोळी भरून पुन्हा वापरतो. तिकडे हा सर्रास चालणारा छंद आहे. (आपल्याकडे परवान्याशिवाय कुणी हे उद्योग करू नयेत!) "काका, बसा, गंमत दाखवतो," म्हणाला म्हणून मी गॅरेजमध्ये स्टूल ओढून बसलो.

बार उडाला की पुंगळी फुगते, मग ती साच्यात दाबून मापात आणायची. असं फुगून-दाबून तिचं तोंड कडक होत जातं आणि एक दिवस मानेला चीर पडते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच. उपाय म्हणजे तापवणं. मान आणि खांदा गॅसच्या ज्योतीत फिरवत काही सेकंद धरायचा. ठरावीक तापमानाला वितळणारा रंग लावलेला असतो, तो वितळला की बास. बूड मात्र तापता कामा नये. उडताना आत चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात दाब येतो. बूड मऊ पडलं तर नेमबाजाच्या जिवाशीच खेळ. आणि बुडाजवळ आतून खाच पडलेली पुंगळी तापवूनही सुधारत नाही. वाकवलेली तार आत फिरवून तो खाच चाचपतो आणि लागली की पुंगळी सरळ भंगारात.

मग त्याने एक गरम पुंगळी पाण्यात टाकली. मी म्हटलं, "अरे, पुन्हा कडक नाही का होणार?"

"काका, ते पोलादाचं. तांबं-पितळ पाण्यात टाकलं तरी मऊच राहतं. पाणी फक्त उष्णता बुडाकडे उतरू नये म्हणून."

मी गप्प झालो. हे मला आधी एकाने सांगितलं होतं.

१९८१ साल. मी मराठीचा मास्तर, पण विज्ञानाचे सर आजारी म्हणून महिनाभर आठवीचे त्यांचे तास माझ्याकडे आले होते. चाचणीत मी प्रश्न घातला: तापवलेला धातू एकदम थंड केला तर काय होते? माझ्या मते उत्तर एकच, कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीतल्या एका मुलाने लिहिलं, 'छिन्नी कडक होते. तांबे मऊ होते. आमच्याकडे रोज करतात.' मी लाल फुली मारली. वर "तुमच्या भट्टीतलं इथे नको," असं भर वर्गात म्हणालो. मुलं हसली. तो खाली बघत राहिला.

२०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवावं असं म्हटलं आहे. चांगलंच आहे. पण कारागिराचं पोर वर्गात बसलेलंच असतं, त्याचं काय? घरचं सगळं खरं असतं असं मी म्हणत नाही, घरी चुकीचंही पुष्कळ सांगतात. पण फुली मारण्याआधी "कसं रे?" एवढं विचारायला काय जात होतं? तांब्याची एक पट्टी ठोकून कडक करायची, स्टोव्हवर लाल करायची, पाण्यात बुडवायची आणि वाकवून बघायची. पाच मिनिटांचं काम. मी केलं नाही, कारण मलाच येत नव्हतं आणि ते कबूल करायची लाज वाटत होती.

तो मुलगा पुढच्या वर्षी शाळेत दिसला नाही. माझ्यामुळेच, असं नसेलही. परवा तांबट आळीत जाऊन चौकशी केली, तर ते लोक घर सोडून गेले एवढंच कळलं. माझे काही जुने विद्यार्थी इथे वाचतात. १९८१ची आठवी ब, तिसऱ्या बाकावर खिडकीजवळ बसायचा. कुणाला ठावठिकाणा माहीत असेल तर कळवा.