पंप मोठा, पण सांडवा केवढा?

माझ्या भाच्याने आपल्या जुन्या गाडीला ताशी २५५ लिटरचा पेट्रोल पंप बसवून घेतला. पुढे टर्बो जोडायचा बेत आहे. पंप बसल्यापासून गाडी उभ्या जागी गचके देते, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि प्लग काजळीने काळे होतात. ‘मामा, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग रेग्युलेटर कुठला घेऊ तेवढं सांगा,’ असा त्याचा तगादा. दुकानदाराने त्याला ‘पाचशे हॉर्सपॉवरपर्यंत’ असे छापलेला डबा दाखवला आहे. उद्यमबागेकडच्या गॅरेजांतून हा विषय अलीकडे बराच निघतो, म्हणून आज त्यावरच लिहितो.

कानडी माध्यमातून आलेली माझी मुले दाबाला ‘ओत्तड’ म्हणतात आणि प्रवाहाला ‘हरिवु’. हे दोन शब्द डोक्यात वेगळे राहिले की निम्मे काम झाले. पंप देतो तो हरिवु. ओत्तड तयार होतो तो हरिवु अडवल्यामुळे, आणि तो किती असावा हे रेग्युलेटर ठरवतो. त्याच्या आत एक लवचीक पडदा आणि त्यावर स्प्रिंग असते. दाब ठरल्यापेक्षा वाढला की पडदा उचलला जातो, छिद्र उघडते आणि जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. हा झाला धरणाचा सांडवा. राकसकोपचा असो की हिडकलचा, सांडवा शेताची गरज पाहून आखत नाहीत, पुराचा लोंढा पाहून आखतात.

आता हिशेब पाहा. दीडशे हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण जोरात असताना ताशी साधारण ५० ते ६० लिटर पेट्रोल घेते. तेच उभ्या जागी चालू असताना जेमतेम एक-दीड लिटर. म्हणजे सिग्नलला थांबल्यावर अडीचशे लिटरच्या आसपास लोंढा परत पाठवायचा आहे. रेग्युलेटरची खरी परीक्षा इथे होते, घाटात नव्हे. छिद्र किंवा परतीची नळी अरुंद असेल तर तीन बारचा दाब चारवर चढतो आणि इंजेक्टरमधून सुमारे १५ टक्के जादा पेट्रोल जाते. काजळीचे कारण बहुधा हेच. डब्यावरचा हॉर्सपॉवरचा आकडा याबाबत काहीच सांगत नाही. दुकानदाराला विचारायचे ते असे, की माझा पंप तीन बारला जेवढे देतो तेवढे सगळे हा परत सोडू शकेल का?

खात्री करणे सोपे आहे. दाबाचे मीटर लावा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करा आणि गाडी उभ्या जागी चालू ठेवा. ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल करूनही काटा खाली येत नसेल, तर दोष सांडव्यात आहे. पुष्कळदा रेग्युलेटर चांगला असतो, कंपनीची परतीची नळीच बारीक असते.

मग सर्वांत मोठा रेग्युलेटर घ्यावा का? तेही नको. लहान पंपावर फार मोठा झडप-भाग दाब स्थिर धरत नाही. मला विचाराल तर पंपच बेताचा घ्यावा. एवढे पेट्रोल सारखे फिरत राहिले की टाकीतले पेट्रोल तापते, ते वेगळेच. (भाच्याला हे पटलेले नाही. पैसे खर्च झाल्यावर कोणाला पटते?)

व्हॅक्यूमच्या नळीचे तोंड रेग्युलेटरला असतेच, ती जोडायला विसरू नये. इंजेक्टरच्या दोन टोकांतला दाबाचा फरक कायम राहावा म्हणून ती असते. उभ्या जागी दाब अडीच बारच्या आसपास उतरतो आणि टर्बोने एक बार हवा कोंबली की चारवर जातो. मात्र हल्लीच्या बहुतेक गाड्यांत परतीची नळीच नसते, रेग्युलेटर टाकीतच पंपाशेजारी असतो. तिथे नुसता पंप मोठा केला की तो चिमुकला रेग्युलेटर गुदमरतो. नवी नळी ओढून बाहेर रेग्युलेटर लावायचा तर कॉम्प्युटरचे ट्यूनिंगही पुन्हा करावे लागते. हा खर्च आधीच धरावा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला तर इंजेक्शनचा रेग्युलेटर चालतच नाही. तिला पाव बारच्या आसपासच दाब लागतो.

आता पंपावरचे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे आहे. म्हणून पडदा आणि ओ-रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे आहेत का, हे विचारूनच घ्या. आणि टर्बो रस्त्यावरच्या गाडीला बसवायचा असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येऊ शकते. आरटीओत आधी चौकशी केलेली बरी.

नळ्या इंजेक्शनच्या दाबाच्याच हव्यात, पाण्याची रबरी नळी चालणार नाही. जोडणी झाल्यावर इंजिन सुरू न करता नुसता पंप फिरवावा आणि प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने टिपून पाहावा. कागद ओला झाला तर चावी काढून घ्यायची.