एस्पेरांतो शिकून धंदा वाढेल का? नाही. तरीही हे एक पुस्तक पूर्ण करा!



"सर, कुठली भाषा शिकू म्हणजे धंद्याला उपयोग होईल?" हा प्रश्न आपल्याकडे सतत येतो. त्याचं उत्तर सोपं आहे. तुमचं गिऱ्हाईक किंवा तुमचा पुरवठादार ज्या भाषेत बोलतो, ती शिका. सुरतेहून कापड उचलत असाल तर गुजराती. बेळगाव-हुबळीकडे माल जात असेल तर कन्नड. एक्सपोर्टचा विचार असेल तर इंग्रजी.

आज मात्र मी अशा भाषेबद्दल बोलणार आहे, जी कुठल्याही देशाची राजभाषा नाही आणि जिच्यात तुमचं एकही गिऱ्हाईक भाव विचारायला येणार नाही. ती भाषा म्हणजे एस्पेरांतो. माझं मत असं आहे की ज्याला स्वतःचा धंदा उभा करायचाय, त्याने तीन महिने रोज अर्धा तास काढून ही भाषा पुस्तक आणि ऑडिओवरून स्वतःची स्वतः शिकून बघावी.

थांबा, लगेच पुढच्या लेखावर जाऊ नका. कारण सांगतो.

आपला खरा आजार कुठला?

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या फोनमध्ये विकत घेतलेले कोर्स पडून आहेत. डिजिटल मार्केटिंगचा, जीएसटीचा, एक्सेलचा. पहिले दोन व्हिडिओ बघितले, तिसरा अर्धा सोडला, आणि मग "हा कोर्सच बरोबर नव्हता" म्हणून चौथा विकत घेतला. पैसे गेले ते गेलेच. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे स्वतःवरचा विश्वास कमी होतो. "आपल्याकडून काही पूर्ण होत नाही" ही भावना घेऊन माणूस दुकान कसं टाकणार?

नोकरीत साहेब असतो, शाळेत घंटा असते. धंद्यात दोन्ही नसतं. उद्या काय शिकायचं, किती वेळ शिकायचं, आलं की नाही हे कोण तपासणार, सगळं तुम्हीच ठरवायचं असतं. मास्तर नसताना शिकणं हे धंद्यातलं पहिलं कौशल्य आहे. आणि ते अंगात मुरवायचं तर आधी लहान, आखीव आणि शेवट दिसतो अशा गोष्टीवर हात बसवायला हवा. एस्पेरांतो नेमकी तशी आहे.

ही भाषा बाजारात आली तीच स्वयंशिक्षणाच्या पुस्तकातून

लुडविक झामेनहोफ यांचा जन्म १८५९ मध्ये बियालिस्टोक गावात झाला. तेव्हा ते गाव रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. गावात यिडिश, पोलिश, रशियन, जर्मन बोलणारे लोक शेजारी राहायचे आणि एकमेकांकडे संशयाने बघायचे. सगळ्यांना सारखीच सोपी आणि कोणाच्याच मालकीची नाही अशी दुसरी भाषा असावी, हा विचार त्यांनी लहानपणापासून धरला. पुढे ते डोळ्यांचे डॉक्टर झाले.

१८८७ मध्ये वॉर्सॉत त्यांनी एक छोटं पुस्तक छापलं. साधारण ४० पानांचं. त्यात व्याकरणाचे १६ नियम, सुमारे ९०० मूळ शब्दांची यादी आणि वाचायला थोडे नमुने. शिकवणी नाही, वर्ग नाही, शिक्षक नाही. खर्चाला पैसा होणाऱ्या सासऱ्यांचा, ज्यांचा साबणाचा कारखाना होता! पुस्तकावर नाव टाकलं 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर. पुढे भाषेलाच ते नाव चिकटलं.

आता धंद्याच्या नजरेने बघा. पुस्तकात त्यांनी कूपनं जोडली होती. "एक कोटी लोकांनी असंच वचन दिलं तर मीही ही भाषा शिकेन," असं लिहून वाचकाने ते कूपन परत पाठवायचं. किती हुशार कल्पना! गिऱ्हाईकाला धोका शून्य. पण एक कोटी कूपनं काही आली नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी भाषा शिकलेल्यांच्या नाव-पत्त्यांची यादी छापली, त्यात नावं होती एक हजार.

टार्गेट एक कोटी, हातात एक हजार. आपण असतो तर काय केलं असतं? त्यांनी त्या हजार जणांना एकमेकांचे पत्ते देऊन टाकले. लोक एकमेकांना पत्रं लिहू लागले आणि भाषा वापरात आली. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन-सुर-मेर इथे पहिली जागतिक परिषद भरली. तिथे वेगवेगळ्या देशांतले लोक, बरेचसे पुस्तकावरून शिकलेले, समोरासमोर बोलले आणि एकमेकांना समजले.

याच काळात स्पर्धक कोण होता? वोलाप्युक नावाची भाषा. योहान श्लायर या जर्मन धर्मगुरूने ती आधी काढली आणि ती जोरात पसरलीही होती. पण भाषेत बदल करायचा तर शेवटचा शब्द माझाच, हा श्लायरचा आग्रह. अनुयायांशी भांडणं झाली आणि पसारा कोसळला. झामेनहोफ यांनी पहिल्याच पुस्तकात जाहीर केलं होतं की ही भाषा समाजाची आहे, माझा तिच्यावर वैयक्तिक हक्क नाही. मालक गल्ल्यावर नसला तरी चालेल असा धंदा उभा करा, असं मी नेहमी सांगतो. त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मराठी माणसाला किती जड जाईल?

सोपं काय ते आधी. 'मी' म्हणजे मीच! खरंच, एस्पेरांतोत 'मी' या शब्दाचा अर्थ 'मी' असाच आहे. 'काय' म्हणजे मात्र 'आणि', त्यामुळे पहिले आठ दिवस हसू येतं. लिहिलं तसंच वाचायचं, एका अक्षराला एकच उच्चार. ही सवय आपल्याला देवनागरीमुळे आहेच. नामांना लिंग नाही, म्हणजे "तो टेबल की ते टेबल" हा वाद नाही.

क्रियापदं बघा. 'मी वेंदास' म्हणजे मी विकतो, 'मी वेंदिस' म्हणजे मी विकलं, 'मी वेंदोस' म्हणजे मी विकेन. अपवाद एकही नाही. याच मुळापासून 'वेंदिस्तो' म्हणजे विक्रेता आणि 'वेंदेयो' म्हणजे दुकान. पुढे 'माल' लावला की अर्थ उलटा. 'कारा' महाग, 'मालकारा' स्वस्त. 'फेर्मी' बंद करणे, 'मालफेर्मी' उघडणे. एक शब्द पाठ केला की चार फुकट मिळतात.

आकडे तर फारच सोपे. पाच म्हणजे 'क्विन', दहा म्हणजे 'देक', नऊ म्हणजे 'नाउ'. मग एकोणसाठ कसे म्हणायचे? 'क्विनदेक नाउ', म्हणजे पाच-दहा आणि नऊ. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा किती गदारोळ झाला होता, आठवतंय ना? तीच पद्धत इथे पहिल्या दिवसापासून आहे.

आता अवघड काय तेही ऐका. बहुतेक शब्द युरोपीय मुळांचे आहेत, त्यामुळे फ्रेंच किंवा इटालियन माणसाला जे ऐकूनच कळतं, ते आपल्याला पाठ करावं लागेल. कर्माला 'न' लावायचा नियम सुरुवातीला विसरला जातो. "टॉल्स्टॉयनी दोन तासांत ही भाषा वाचायला शिकली" असं तुम्हाला कोणी सांगेल. टॉल्स्टॉय यांनी तसं लिहिलं होतं हे खरं. पण त्यांना आधीच कितीतरी युरोपीय भाषा येत होत्या, हे त्या जाहिरातीत नसतं. कुठलाही कोर्स घेताना यशोगाथा कोणाची आहे आणि तो माणूस सुरुवातीला कुठे उभा होता, हे आधी विचारा.

ऑडिओ का हवाच?

इथे बरेच जण काटकसर करतात, ती करू नका. एस्पेरांतो रोमन लिपीत लिहितात. इंग्रजी वाचून वाचून आपला डोळा 'जे' दिसला की 'ज' म्हणतो. इथे त्या अक्षराचा उच्चार 'य' आहे. 'सी' दिसला की आपण 'स' किंवा 'क' म्हणतो, इथे तो 'चमचा' आणि 'चाक' मधल्या 'च'सारखा आहे. काही अक्षरांवर टोपी असते, तिने उच्चार बदलतो. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. नुसतं पुस्तक वाचलं तर 'वेंदेयो'चं 'वेंडेजो' होणार आणि तेच डोक्यात पक्कं बसणार.

इंग्रजीतल्या 'टीच युवरसेल्फ' मालिकेत एस्पेरांतोचं पुस्तक १९५७ पासून आहे. त्याच मालिकेत २०१८ मध्ये टिम ओवेन आणि जुडिथ मेयर यांचं 'कम्प्लीट एस्पेरांतो' आलं, त्याला ऑडिओची जोड आहे. समजावणी इंग्रजीत आहे, म्हणजे इंग्रजीचाही सराव होतो. फुकट हवं असेल तर 'लेर्नू' ही वेबसाइट २००२ पासून आहे. काहीही एकच निवडा. एकच!

माझी सुचवलेली पद्धत

रोज ३० मिनिटं, ९० दिवस. म्हणजे एकूण ४५ तास. दोन वेब सिरीजचा वेळ.

१. पहिली ५ मिनिटं पुस्तक बंद. धड्याचं ऑडिओ नुसतं ऐका. काही कळणार नाही, चालेल.

२. पुढची १० मिनिटं पुस्तक उघडून ऐका, मग वाक्यागणिक थांबवून मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या. गिऱ्हाईकासमोर बोलायची लाज इथेच मोडते.

३. मग १० मिनिटं स्वाध्याय. उत्तरं पुस्तकाच्या मागे असतात. आधी बघायची नाहीत. तुम्हाला पकडणारं कोणी नाही, म्हणूनच हे महत्त्वाचं आहे. जो स्वाध्यायात स्वतःला फसवतो, तो उद्या रोजमेळातही फसवणार.

४. शेवटची ५ मिनिटं स्वतःच्या धंद्याबद्दल एक वाक्य लिहा. "मी हावास मालग्रांदान वेंदेयोन." माझं छोटं दुकान आहे. दुकान अजून नसेल तर भविष्यकाळ वापरा: "मी हावोस."

दर रविवारी नवीन धडा नाही, फक्त जुन्या धड्यांचं ऑडिओ. गाडीवर बसलात तर फोन खिशातच राहू द्या. एसटीत किंवा लोकलमध्ये ऐका. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, नेहमीचा अर्धा तासच करा. आणि साठाव्या दिवसाच्या आत एस्पेरांतो बोलणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाला चार ओळी पाठवा. उत्तर आलं की समजेल, माल बाजारात चालतो!

मग यातून मिळणार काय?

गल्ल्यात एक रुपयाही नाही, हे पुन्हा सांगतो. तुम्ही सराईत वक्तेही होणार नाही. पण साधं पत्र वाचता-लिहिता यायला हवं. त्याहून मोठी कमाई म्हणजे तुमची स्वतःची पद्धत सापडते. सकाळी डोकं चालतं की रात्री? ऐकून लक्षात राहतं की लिहून? कितव्या दिवशी कंटाळा येतो आणि त्यावर उपाय काय? ही माहिती तुम्हाला कुठलाही ट्रेनर विकू शकत नाही, मीसुद्धा नाही. पुढे गुजराती, टॅली किंवा बेकरीचं तंत्र शिकताना हीच माहिती भांडवल म्हणून वापरायची आहे.

काही जण म्हणतील, "सर, मग थेट उपयोगाची भाषाच का नको?" बरोबर आहे. तुमच्यावर हप्ता असेल, पुढच्या महिन्यात हुबळीत माल लावायचा असेल, तर एस्पेरांतो बाजूला ठेवा आणि हीच पद्धत कन्नडला लावा. पण ज्यांनी आजवर तीन-चार गोष्टी अर्ध्यावर सोडल्यात, त्यांनी पाचवी मोठी गोष्ट हातात घेऊ नये. अपवाद आणि लिंगं यांनी भरलेल्या भाषेत दोन महिन्यांनीही आपण कुठे आलो ते कळत नाही. एस्पेरांतोत दुसऱ्या आठवड्यातच वाक्य जुळायला लागतं. अर्ध्यावर सोडायची सवय असलेल्या माणसाला तेवढा आधार लागतो.

तर उद्योजक मित्रांनो, या आठवड्यात नवीन कोर्स विकत घेऊ नका. आधी कपाट आणि फोन उघडून अर्धवट सोडलेल्या गोष्टी मोजा. मग पुस्तक, ऑडिओ आणि रोजच्या अर्ध्या तासाची वेळ ठरवा, आणि ती वेळ खाली कॉमेंटमध्ये लिहून ठेवा. नव्वदाव्या दिवशी तिथेच येऊन सांगा, शेवटचं पान आलं का?

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, विकत राहा!