नॉमिनी भरलात, मृत्युपत्राचं काय?

पहिल्या स्टायपेंडसाठी बँकेत खातं उघडलं, तेव्हा फॉर्मवर ‘नॉमिनी’चा रकाना होता. पाच सेकंदांत आईचं नाव लिहिलं आणि विषय संपला. तुम्हीही हेच केलं असणार. डीमॅट असो की एसआयपी, नॉमिनी भरला की वाटतं, चला, आपल्यामागे पैसे कुणाचे ते ठरलं.

तसं ते ठरत नाही. बँक ज्याच्या हाती पैसे सोपवते, तो नॉमिनी. त्या पैशांचा मालक कोण, हे मृत्युपत्रावरून ठरतं आणि ते नसेल तर वारसा कायद्यावरून. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांनाही हेच लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

‘पण आमच्याकडे मागे ठेवायला आहेच काय?’ असं म्हणाल. मग हा खराखुरा खटला वाचा.

१९५५ साली एका मुलीचं लग्न झालं. तीन महिन्यांत नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी सांभाळलं, शिकवलं. ती नोकरीला लागली. १९९६ मध्ये ती वारली तेव्हा बँकेत पैसे होते, प्रॉव्हिडंट फंड होता, फक्त मृत्युपत्र नव्हतं. तिच्या आईने हक्क सांगितला, तसाच नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही सांगितला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पैसे सासरच्यांना मिळाले.

न्यायालयाला तिची कहाणी कळत नव्हती असं नाही. पण निकाल सहानुभूतीवर देता येत नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार विवाहित स्त्रीच्या स्वकमाईवर आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस आणि त्यानंतर तिचे आईवडील, असा क्रम लागतो. मैत्रिणींनो, हा क्रम आजही तोच आहे. मुलांसाठीही एक गंमत आहे. अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर सगळं आईला मिळतं. आई हयात असताना बाबांना काहीच नाही.

हे बदलायला वकिलांची फौज लागत नाही. वय १८ पूर्ण आणि मन ठिकाणावर असेल, तर साधा कागद पुरतो, स्टॅम्प पेपरही नको. काय कुणाला द्यायचं ते नावानिशी लिहा, तारीख टाका, दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. ज्याला काही देताय, त्यालाच साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे केली तर पुढचे वाद कमी होतात. विचार बदलला तर नवं लिहा, शेवटचं तेच खरं. मुस्लिम वारसा कायद्यात मात्र वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांश मालमत्तेपुरतंच मृत्युपत्र करता येतं.

घरात लहान किंवा दिव्यांग भावंड असेल, तर एकरकमी पैसे त्याच्या नावावर करून भागत नाही. तिथे ट्रस्ट कामी येतो. विश्वासातला माणूस विश्वस्त म्हणून पैसे सांभाळतो आणि ते त्या भावंडासाठीच खर्च करणं त्याच्यावर बंधनकारक असतं. यासाठी मात्र वकील गाठाच.

घरी विषय काढलात की ‘काहीतरी अभद्र बोलू नकोस’ असं ऐकावं लागेल, हे गृहीत धरा. तरी काढा. आईबाबांनी मृत्युपत्र केलंय का, केलं असेल तर कुठे ठेवलंय, एवढं तरी या रविवारी विचारा. आणि स्वतःचं एक पान लिहायला घ्या. तुमच्या कमाईवर कुणाचा हक्क आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. कायद्याला ते लिहून द्यावं लागतं.