मीठ सोडा म्हणे! पण धुळीचं आणि पंपाचं काय?

भाताची झोडणी सुरू झाली, थंडी पडली, की कापूरहोळपासून नसरापूर-भोरपर्यंत घरोघरी शिंका, छातीतली शिट्टी आणि रात्रीचा खोकला सुरू होतो. पाठोपाठ व्हॉट्सअपवर वैद्य उगवतात. एक म्हणतो, "मीठ बंद करा, दमा जाईल." दुसरा म्हणतो, "सैंधव खा, अ‍ॅलर्जी मुळापासून बरी." तिसरा थेट सांगतो, "पंप फेकून द्या." पहिल्या दोघांवर हसता येईल. तिसऱ्याचं ऐकून माणूस जाऊ शकतो. म्हणून लिहितोय.

मिठाची गोष्ट अगदीच हवेतली नाही. 1987 मध्ये ब्रिटनमधले संशोधक पीटर बर्नी यांनी मिठाचा खप आणि दम्याचे मृत्यू यांचा संबंध मांडला. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण होत नाही. पुढे रुग्णांना कमी-जास्त मीठ देऊन चाचण्या झाल्या. कॉक्रेन या संस्थेनं 2011 मध्ये त्या एकत्र तपासल्या. मीठ कमी केल्यानं दमा आटोक्यात येतो, असा ठोस पुरावा मिळाला नाही. व्यायामानं धाप लागणाऱ्यांना थोडा फायदा होऊ शकतो, एवढंच.

आता शिंकेचं मूळ बघा. परागकण किंवा घरातल्या धुळीतले किडे नाकात गेले, की मास्ट आणि बेसोफिल या पेशी हिस्टामिन सोडतात. त्यानं नाक गळतं, खाज येते, सूज येते. प्रयोगशाळेत श्वसनाची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या बेसोफिल पेशींभोवतालच्या द्रवातलं सोडियम काढून बघितलं गेलं. हिस्टामिन कमी झालं नाही, उलट वाढलं! मग मीठ जास्त खायचं का? अजिबात नाही. जेवणात मीठ कमी-जास्त झालं तरी निरोगी मूत्रपिंड रक्तातलं सोडियम 135 ते 145 च्या पट्ट्यातच धरून ठेवतं. परीक्षानळी म्हणजे आपलं ताट नव्हे. आणि सैंधव? तेही सोडियम क्लोराइडच.

मीठ कमी खाच, पण रक्तदाबासाठी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पापड, लोणचं, फरसाण त्यातच मोजा.

मग मिठाचा सल्ला एवढा का चालतो? कारण त्यात दोष रुग्णाच्या स्वयंपाकघरावर जातो. धुळीचं नाव घेतलं की प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं. पुणे-सातारा महामार्गाचं सहापदरीकरण 2010 मध्ये सुरू झालं आणि मुदत उलटून वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या धुळीचा हिशेब कोणी मागितला? 1950 च्या दशकात पुण्यात नोंद झालेलं गाजर गवत आज बांधाबांधावर फुलतंय, त्याचे परागकण नाकात जातायत. ते फुलोऱ्याआधी उपटायची मोहीम कुठाय? कोपऱ्याकोपऱ्यावर जळणारा कचरा कोण थांबवणार?

आणि पंप. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून जास्त आपल्याकडे होतात. नियमित घ्यायचा पंप लोक घेतच नाहीत, हे त्याचं एक मोठं कारण. "सवय लागते" म्हणे! अहो, पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये पुरतं. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी चष्मा फेकतं का?

साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही दोन्ही औषधं 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही पंप शिल्लक आहेत का? रस्त्याचं काम चालू असताना पाणी मारायची जबाबदारी कोणाची? गाजर गवत काढायला किती निधी ठेवलाय? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि घरात कोणाचा पंप चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो बंद करू नका. फॉरवर्ड पाठवणारा रात्री दोन वाजता तुमच्या दारात ऑक्सिजन घेऊन येणार नाही.